हरवलेले एकोणीस जण

आमच्या इमारतीत साठ प्रौढ माणसं राहतात, हे एवढंसं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. हसू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या मामांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "प्रौढ म्हणजे वयाने की वागण्याने?" वागण्याने मोजायचं तर आकडा फारच खाली जातो, म्हणून मी वयावर राहिले.

तर झालं असं की गणिताच्या बाईंनी सांख्यिकीचा प्रकल्प दिला. आपल्या भोवतालचा कुठलाही विषय घ्या, माहिती गोळा करा, चार्ट काढा. सगळ्यात चांगला चार्ट आंतरशालेय प्रदर्शनात जाणार. वर्गातल्या शहाण्या मुलींनी "आवडता रंग" आणि "रोजची झोप" असे विषय घेतले. मी हात वर करून म्हणाले, "साथ आणि लसीकरण: आमच्या इमारतीचा अभ्यास." यंदा वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आलाय आणि तेव्हापासून जगाला माझ्या मताची गरज आहे असं मला वाटायला लागलंय. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा कुजबुजत उत्तर द्यायचे. आई म्हणते, तेच बरं होतं.

वाटलं होतं, आकडे तयारच असतील, आपण फक्त रंग भरायचे. कारण आमच्या इमारतीत आकड्यांना तोटा नव्हता. साथीच्या काळात लिफ्टशेजारच्या फळ्यावर कमिटी रोज "आजची रुग्णसंख्या" लिहायची. मी त्या वेळचे फोटो मिळवले. एका महिन्यात संख्या सलग तीन आठवडे चार. ना वर, ना खाली. मी कमिटीच्या सेक्रेटरींना विचारलं, "काका, इतकी स्थिर साथ कशी?" ते म्हणाले, "खडू संपला होता गं."

आणि मी त्या चारकडे रोज बघून घाबरायचे! एकदा तर चारचे चारच राहिले म्हणून आईने निःश्वास टाकला होता. खडू असता तर काय झालं असतं कोण जाणे.

लसीचे आकडे त्याहून रंगीत. ते दोघांकडे होते. एक माझे आजोबा आणि दुसऱ्या लॅबवाल्या काकू.

आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. फोनवर येणारा प्रत्येक फॉरवर्ड ते आधी शुद्धलेखन तपासून मगच पुढे पाठवतात. त्यातला मजकूर तपासावा असं मात्र त्यांना कधी वाटत नाही. इमारतीच्या निवडणुकीत ते परंपरा पॅनेलचे प्रमुख. जाहीरनाम्यात तीन कलमं: रात्री नऊनंतर गच्ची बंद, लिफ्टमध्ये आरसा नको, आणि "सुईविना सशक्त". त्यांच्या पॅनेलच्या बावीस लोकांनी लस घेतलेली नव्हती आणि ते हे जिन्यात, पार्किंगमध्ये, कुणी न विचारता सांगायचे. आजोबांनी स्वतः सर्वेक्षणही केलं होतं. निष्कर्ष: लसीमुळे त्रास झालेले एकूण एकाहत्तर.

"आजोबा, प्रौढ साठच आहेत."

"डोस दोन होते. हात दोनदा दुखला, तर मी दोनदा मोजला. आकडेवारीत शिस्त लागते."

लॅबवाल्या काकू विज्ञान पॅनेलच्या प्रमुख. खालच्या मजल्यावर त्यांचं रक्त तपासणीचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला रबरी नळी बांधून "मूठ आवळा, मूठ आवळा" करतात. त्यांच्या पॅनेलचे अडतीस जण, सगळे लसवंत. त्यांचाही आकडा तयार होता. लसीमुळे त्रास झालेले: शून्य.

"काकू, आईला तर दोन दिवस ताप होता."

"रुग्णालयात भरती केलं होतं का? नाही ना? मग तो त्रास नाही, तो अनुभव."

एका बाजूला एकाहत्तर, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि मध्ये तापलेली माझी आई. मी ठरवलं, यातलं काहीही घ्यायचं नाही. आपण आपलं मोजायचं. आयुष्यात एवढी मोठी घोडचूक मी याआधी केली नव्हती, पण मी अजून लहान आहे.

बुटांचं खोकं घेतलं, झाकणाला फट पाडली. साठ चिठ्ठ्या छापल्या: "लस घेतली? होय / नाही." बरोबरची खूण करा, घडी घाला, आत टाका. नाव नाही, मजला नाही. खोक्यावर मी वचन चिकटवलं: "कोणी काय लिहिलं हे मी कुणालाही सांगणार नाही." खाली सही. आजोबांनी लाल पेनाने त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सर्वांत आधी चिठ्ठी टाकली.

साठच्या साठ परत आल्या. जेवणाच्या टेबलावर मी त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग आईला मोजायला लावल्या. होय: छप्पन्न. नाही: चार.

जे बावीस जण जिन्यात छाती पुढे काढून फिरतात, ते कुठे गेले?

त्यातच एक चिठ्ठी माझ्या हातात आली आणि मी ती दिव्याखाली धरली. लांबलचक, मागे झुकलेली बरोबरची खूण, आणि तिच्या पोटाखाली दोन टिंबं. ही खूण इमारतीतली अर्धी मुलं ओळखतात. सुट्टीत आमच्या सगळ्यांच्या वह्या तपासून तपासून आजोबांचा हात तसाच वळतो. खूण होती "होय"वर.

समोर आजोबा भाताशी वरण कालवत आईला सांगत होते, "या शरीरात एक थेंब गेलेला नाही."

मी ती चिठ्ठी ढिगात सरकवली. वचन म्हणजे वचन. पण दुसरी जी गोष्ट केली ती करायला नको होती. छप्पन्न आणि चारचा भला मोठा चार्ट काढला, निळा आणि नारिंगी, आणि सगळ्यांना कळावं म्हणून लिफ्टमध्ये लावला.

सगळ्यांना कळलं.

लॅबवाल्या काकू पाचव्या मजल्यापर्यंत विनाकारण वर गेल्या आणि विनाकारण खाली आल्या, फक्त चार्टसोबत प्रवास करता यावा म्हणून. "अठरा जण आमच्याकडे आले," त्या येईल त्याला सांगत होत्या. परंपरा पॅनेलमध्ये मात्र दुखवटा पाळावा तशी शांतता. मग कर्नल आमच्या घरी आले. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते सैन्याचे गणवेश शिवायचे. पण इतकी वर्षं छात्या मोजल्यावर माणसाची चाल बदलते. ते आजोबांच्या पॅनेलचे उपप्रमुख, आणि प्रमुख व्हायला एका पायावर तयार.

"बावीसपैकी अठरा फितूर!" ते कडाडले. "मी रविवारी सभा बोलावतोय. खोकं सगळ्यांसमोर उघडायचं. खुणांवरून माणूस ओळखता येतो. आता आपल्या सरांचीच खूण घ्या, अंधारातही ओळखेन मी! सर, तुमची काही हरकत?"

"हरकत कसली," आजोबा म्हणाले. त्यांनी कप उचलला. कप रिकामा होता, तरी ते प्यायले.

इकडे शाळेत वेगळंच. बाईंनी चार्ट पाहिला, चष्मा कपाळावर चढवला. "छान. पण लोकांनी खरं लिहिलं कशावरून? केंद्राच्या नोंदीशी पडताळून आण. सोमवारपर्यंत आकडे जुळले तर प्रदर्शन, नाहीतर झोपेच्या तासांचा चार्ट जाईल."

झोपेच्या तासांपुढे हरायचं? मला? मी शाळेचं पत्र घेऊन गल्लीतल्या लसीकरण केंद्रावर गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, पत्रावर गोल शिक्का आहे, आम्हाला चौकोनी लागतो. शाळेत परत. शिपाईदादा म्हणाले, चौकोनी शिक्का मुख्याध्यापिकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, आणि पर्स त्यांच्याबरोबर लग्नाला गेलीय. दुसऱ्या दिवशी चौकोनी शिक्का घेऊन गेले, तर बाई बदलल्या होत्या. नव्या बाईंना कुठलाच शिक्का नको होता. "तुमच्या पत्त्यावरचे किती, एवढंच ना? सदतीस."

"छप्पन्न."

"सदतीस."

"बाई, लोकांनी स्वतः लिहून दिलंय."

"लोक काय, काहीही लिहितात. इथे नोंद नाही, म्हणजे झालं नाही."

छप्पन्न वजा सदतीस. माझे एकोणीस जण हरवले होते. लस घेतलेली जिवंत माणसं, रोज लिफ्टमध्ये भेटणारी, आणि सरकारी वहीत त्यांचा पत्ता नाही. त्यांतला एक माझ्या शेजारच्या खोलीत घोरतो, हे मला माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी आजोबा बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते. एकाच कुंडीला किती वेळ घालत होते देव जाणे, खालच्या मजल्यावरून आरडाओरडा सुरू झाला होता.

"आजोबा, मी काही विचारत नाहीये," मी म्हणाले. "पण समजा, एखाद्या माणसाला कुणाला न कळता लस घ्यायची असेल, तर तो कुठे जाईल?"

झारी थांबली. मग मान न वळवता म्हणाले, "कारखान्याच्या पलीकडे एक केंद्र आहे. तासभर लागतो. आपल्याकडचं कुणी तिकडे फिरकत नाही."

"आणि तो माणूस जाईल कशाला? त्याचा तर विश्वास नाही."

"त्या माणसाची नात आजारी पडली होती." आता ते कुंडीशी बोलत होते. "आठ दिवस खोलीत बंद. तो बाहेर खुर्ची टाकून बसायचा. दारातून तिचा खोकला मोजायचा. आठव्या दिवशी त्याला वाटलं, आपण पडलो तर ही खुर्ची रिकामी राहील. नवव्या दिवशी त्याने टॅक्सी केली. विश्वासबिश्वास नंतर बघू म्हणाला."

मी त्यांच्या हातातली झारी घेतली आणि दुसऱ्या कुंडीला पाणी घालायला लागले.

"उद्या खोकं उघडलं," ते म्हणाले, "की इतकी वर्षं ज्या पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं केलं, ती सगळी खाली उभी राहून बघतील माझ्याकडे."

रविवारी सकाळी, सभेच्या आधी, मी बस बदलत बदलत कारखान्यापलीकडचं केंद्र गाठलं. दोन्ही शिक्के घेऊन. तिथला कारकून सडपातळ, उजव्या अंगठ्याला पट्टी. पत्ता ऐकताच तो खुर्चीतून उठलाच.

"तुमची इमारत! म्हणजे तुम्हीच ते!" त्याने एक जाडजूड फाईल आपटली. "बाहेरच्या विभागातून माणूस आला की वेगळा फॉर्म, तीन प्रती, हाताने. संपूर्ण साथीत असे एकोणीस जण आले. एकोणीसच्या एकोणीस तुमच्या पत्त्यावरचे! गल्लीत केंद्र नाही का तुमच्या?"

"आहे. पन्नास पावलांवर."

"मग? आणि येतात कसे! टोपी, काळा चष्मा, दोन-दोन मास्क. आणि प्रत्येक जण खाली वाकून मला हळूच विचारतो, 'आमच्या इमारतीतलं आणखी कुणी येतं का हो इथे?' मी म्हणतो, नियमाने सांगता येत नाही. मग म्हणतो, 'बरं झालं.'"

मी बाकावर बसूनच घेतलं. बावीसमधले एकोणीस! प्रत्येकाला वाटत होतं, अख्ख्या पॅनेलमध्ये फितूर आपण एकटेच. टोपी घालून, तासभर प्रवास करून, शेजाऱ्याच्या मागोमाग त्याच बाकावर, त्याच सुईखाली. पॅनेलमधले तीन जण खरोखर बिनसुईचे. पण खोक्यात "नाही" चार होते. चौथा विज्ञान पॅनेलमधला! तिकडेही एक टोपीवाला होता तर.

माझे आकडे जुळले. इतका आनंद मला शंभरपैकी शंभरलाही झाला नसता. मला ते कधी मिळालेलेही नाहीत, पण असो.

सभा पार्किंगमध्ये होती. खोकं मधल्या टेबलावर. कर्नलनी भिंग आणलं होतं, खास खुणा बघायला. आजोबा पहिल्या रांगेत, पाठ ताठ, हात मांडीवर.

"उघडायचं का?" कर्नल गरजले. "ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कशाची?"

मी उभी राहिले. गेल्या वर्षीची मी असते तर आईच्या पदराआड असते.

"उघडा ना," मी म्हणाले. "माझी ना नाही. फक्त एक. आजोबांची खूण शोधून बाकीच्या ठेवून द्यायच्या असं नाही. उघडायच्या तर साठच्या साठ, आणि साठही जणांच्या खुणांशी ताडून. आणि पडताळणीसाठी मी आजच कारखान्यापलीकडच्या केंद्रावर जाऊन आलेय. तिथला आकडाही लगेच वाचून दाखवते."

मी वहीचं पान उलटलं. इतका मोठा आवाज पान उलटल्याचा मी कधी ऐकला नव्हता.

परंपरा पॅनेलमधले लोक पार्किंगचं छत बघायला लागले. एकाने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. एकीला आठवलं, गॅसवर दूध आहे. कर्नलचं भिंग हातातच राहिलं, पण कर्नल उंचीने सहा इंच कमी झाले.

"अं... तसं पाहिलं तर," ते घसा खाकरून म्हणाले, "या मुलीने खोक्यावर वचन लिहिलंय. वचन मोडायचं म्हणजे... शेवटी आपलं पॅनेल परंपरेचं आहे."

"अगदी!" मागून बारा आवाज.

"विज्ञान पॅनेलचाही पाठिंबा!" लॅबवाल्या काकू इतक्या जोरात म्हणाल्या की सगळे वळले. "म्हणजे, संशोधनात गोपनीयता हवीच. खोकं उघडायचं नाही. मुळीच नाही. टेप आणा कुणीतरी!"

विजयाच्या आकड्यावर बसलेल्या काकूंना इतकी घाई कशाची, हे मला तेव्हा जरा खटकलं. पण टेप आणायला मीच धावले.

सदर चिठ्ठ्या उघडू नयेत, असं सर्वानुमते ठरलं. आमच्या इमारतीच्या इतिहासात पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा एकमत झालेलं नाही. ठरावाची प्रत मी सोमवारी बाईंपुढे ठेवली, सदतीस आणि एकोणीस असे दोन्ही केंद्रांचे आकडे जोडून.

"मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"बाई, त्या उघडू नयेत यावर साठ जणांचं एकमत झालंय. चिठ्ठ्या खऱ्या आहेत याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

बाई ठराव दोनदा वाचून इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. चार्ट प्रदर्शनात गेला. झोपेचे तास झोपले.

आजोबांनी त्या संध्याकाळी जाहीरनामा घेतला आणि लाल पेनाने "सुईविना" खोडलं. नुसतं "सशक्त" उरलं. "छोटं आहे, पण चूक नाही," ते म्हणाले. त्यावर विज्ञान पॅनेलमधलीही काही मतं फिरली आणि निवडणूक त्यांनी दोन मतांनी जिंकली. गच्ची नऊला बंद होते आणि लिफ्टमधला आरसा गेला. त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

खरी गंमत पुढे झाली. तिसरा डोस जाहीर झाला. कारखान्यापलीकडच्या केंद्रावर फक्त गुरुवारी सकाळी. आजोबा म्हणाले, "तू चल. मला रस्ता आठवत नाही." दोनदा गेलेत! पण मी गेले. त्यांनी टोपी घातली, काळा चष्मा लावला, दोन मास्क.

प्रतीक्षागृह टोप्यांनी भरलेलं होतं. ओळीने बाकांवर टोपी, चष्मा, मास्क. प्रत्येकाच्या तोंडापुढे वर्तमानपत्र आणि त्यातली तीन उलटी धरलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका पेपराखाली मात्र ती ओळखीची गणवेशवाली ताठ चाल बसलेली होती, म्हणजे बसलेली चाल असू शकते तर.

अंगठ्याला पट्टीवाला कारकून बाहेर आला. मला पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि त्याचा बांध फुटला.

"त्या एका पत्त्यावरचे जेवढे असतील तेवढे एकदम पुढे या! साहेबांनी परवानगी दिलीय, सगळ्यांचा मिळून एकच फॉर्म. माझा अंगठा वाचवा!"

वर्तमानपत्रं थिजली. कुणी हललं नाही. मी छताकडे पाहिलं. वचन होतं माझं.

मग शेजारून आवाज झाला. आजोबा उठले होते. त्यांनी टोपी काढली. चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"मी आहे," ते म्हणाले. "पहिला मजला. तिसऱ्यांदा आलोय."

मग एक वर्तमानपत्र खाली आलं. कर्नल.

"सर, तुम्ही?"

"कर्नल, तुम्ही?"

"मी... भाच्याला सोडायला."

"भाचा कुठाय?"

कर्नलनी आजूबाजूला पाहिलं. सापडला नाही. त्यांनीही टोपी काढली. मग पेपरामागून पेपर खाली. "मामा, तुम्हीपण?" "अहो, गॅसवरचं दूध!" "म्हणजे मी एकटा नव्हतो?" एक आजी तर रागावल्याच, इतके दिवस टॅक्सीचं अर्धं भाडं वाचलं असतं म्हणून.

"शांत!" आजोबांचा मुख्याध्यापकी आवाज लागला. "ओळीत उभे राहा. हजेरी घेतो."

एक, दोन, तीन. सगळे शाळेतल्यासारखे हजर, हजर म्हणत गेले. एकोणीसला आजोबा थांबले आणि कारकुनाने लेखणी टेकवली.

खांबामागून एक बारीक आवाज आला. "हजर."

विसावी टोपी पुढे आली. खालून लॅबवाल्या काकू निघाल्या, पांढऱ्याफटक.

"तुम्ही?" कर्नल ओरडले. "तुम्ही दिवसभर लोकांना सुया टोचता!"

"टोचते ना! टोचून घेत नाही!" काकूंचे डोळे भरून आले होते. "तिकडचं टोक आपल्याकडे नसलं की काही वाटत नाही हो."

कुणी हसलं नाही. आजोबांनी त्यांना रांगेत आपल्या पुढे जागा करून दिली. काकूंनी माझा हात गच्च धरला. तो मला दोन दिवस दुखला, आणि आजोबांच्या पद्धतीने मोजायचं तर लसीमुळे त्रास झालेल्यांत आता माझंही नाव घालायला हवं.

"मूठ आवळू नका," सुईवाल्या नर्स म्हणाल्या.

"मला माहितेय!" काकू किंचाळल्या, डोळे मिटून. "आणि तू, चार्टवर माझं नाव आलं तर बघ!"

"नाव नाही, काकू," मी दुसऱ्या हाताने वही काढत म्हणाले. "फक्त आकडा."

छप्पन्न खोडून मी सत्तावन्न लिहिलं. आजोबांनी खांद्यावरून वाकून बघितलं, माझं पेन घेतलं, आणि शेजारी बरोबरची खूण केली. खाली दोन टिंबं.